गंजाच्या आधी, गंजाच्या नंतर

कोंबडीच्या भाजीने पोट बिघडलं की आपण दोष कोंबडीला देतो, मसाल्याला देतो, फार तर तेल जास्त झालं म्हणतो. ताटात बाजूला ठेवलेल्या कांद्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. भाजी चांगली पाऊण तास रटरटली होती, तर्री वर आली होती, मांस हाडापासून सुटत होतं. कांदा मात्र कच्चाच होता. तो ज्या पाटावर चिरला, त्याच पाटावर तासाभरापूर्वी कोंबडीचे मोठे तुकडे लहान केले होते. मधे पाट नुसत्या पाण्याने विसळला होता आणि सुरी तिथल्याच फडक्याला पुसली होती. लिंबाच्या फोडी आणि वरून भुरभुरवायचा सांबारही त्याच सुरीखालून गेला होता.

खामगावात, आणि एकूणच वऱ्हाडात, घरच्या गंजात कोंबडी सहसा कच्ची राहत नाही. आपली रीतच रस्सा उकळण्याची आहे. त्यामुळे चिकन कसं शिजवावं हे परदेशी पाककृतींतून वाचून आपण नको तिथे काळजी करतो आणि हवी तिथे करत नाही. आपल्याकडचा धोका गंज चुलीवर चढण्याआधी असतो आणि गंज खाली उतरल्यानंतर असतो. या लेखात बहुतेक बोलणं त्या दोन वेळांबद्दल आहे.

आधी थोडं जंतूंविषयी. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे दोन जीवाणू कोंबडीच्या आतड्यात मजेत राहतात. कोंबडीला त्यांचा बहुधा काही त्रास होत नाही, म्हणून पिंजऱ्यातली टुणटुणीत कोंबडी बघून काहीच कळत नाही. कापताना, पोट साफ करताना आतड्यातला अंश मांसाला लागतो. पिसं काढायच्या ड्रममध्ये रबराच्या बोटांवर एकामागून एक कोंबड्या आपटतात, तेव्हा एकीचं दुसरीला लागतं. गावरान असो की बॉयलर, दोघींनाही हे लागू आहे. गावरान कोंबडी चवीला उजवी असेल, पण उकिरडा उकरून आलेली कोंबडी जंतूंच्या बाबतीत सोवळी असण्याचं काही कारण नाही. कॅम्पिलोबॅक्टरचे काहीशे जंतूदेखील माणसाला आजारी पाडायला पुरतात. मांसातून झिरपलेल्या गुलाबी पाण्याच्या एखाद्या थेंबात एवढे सहज मावतात.

म्हणून सुरुवात दुकानापासून. रविवारी सकाळी दुकानात गर्दी असते आणि आपण आधी चिकन घेऊन मग भाजीबाजार, किराणा, गिरणी असा फेरा करतो. हा क्रम उलटा करा. बाकीचं सगळं आटोपलं की शेवटी चिकन, आणि तिथून थेट घर. अन्न सुरक्षिततेचा जगभर मानला जाणारा नियम असा की मांस, दूध, शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू नये. आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर फक्त एक तास. मार्चपासून जूनपर्यंत आपल्याकडे दिवसा ३२ अंशांच्या खाली पारा असतो तरी कधी? शेजारचं अकोला मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जातं आणि खामगाव काही फार मागे राहत नाही. म्हणजे वर्षातले निदान चार महिने आपल्याला दोन तासांची सवलत नाही. आपला नियम एका तासाचाच.

काळी पन्नी सोडा आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन जा. पन्नीला बारीक भोक असतं, ते गुलाबी पाणी पिशवीतल्या मेथीवर, टमाट्यांवर गळतं, आणि कोशिंबिरीतून सगळ्या घराच्या पोटात जातं. डबा नेला तर दुकानदार हसत नाही, हल्ली बरेच जण नेतात. कोंबडी डोळ्यांसमोर जिवंत तोलून, कापून घ्या. हे उन्हाळ्यात फार महत्त्वाचं, कारण कडक उन्हात शेडमध्ये आणि वाहतुकीत कोंबड्या दगावतात. कुणी आधीच कापून ठेवलेला माल स्वस्तात देत असेल तर तो का स्वस्त आहे हे विचारण्यापेक्षा सरळ पुढे जा. दुकानात अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक लावलेला आहे का, कापायचा ओंडका रोज घासला जातो का, माशा किती आहेत, दुकानदार कोंबडीला लागलेल्या हातानेच सुट्टे पैसे देतो का, एवढं पाहायला दोन मिनिटं पुरतात. सुट्टे पैसे खिशात गेले की हात मात्र घरी येऊन धुवा.

आता वादाचा विषय: चिकन धुवायचं की नाही? आरोग्य संस्था सांगतात, धुऊ नका. आणि आपल्या घरातली कुठलीही आजी म्हणेल, धुतल्याशिवाय गंजात टाकणाऱ्याच्या घरी मी जेवणार नाही. खरं सांगायचं तर शास्त्र इथे संस्थांच्या बाजूने आहे. पाण्याने जंतू मरत नाहीत. नळाच्या धारेखाली ते उडतात. बारीक तुषार सिंकच्या काठावर, शेजारी वाळत घातलेल्या ताटांवर, माठाच्या तोटीवर जाऊन बसतात. मांसावरचे जंतू मारायचं काम उकळता रस्सा करतोच, त्याला धुण्याची मदत लागत नाही. पण आपल्या दुकानातून येणाऱ्या मांसावर पिसांचे खुंट, रक्ताच्या गाठी, हाडांचा चुरा असतो हेही खरं, आणि तो तसाच शिजवायला सांगणारा लेख कुणी पाळणार नाही. मग मधला मार्ग असा: नळाची धार नको. खोल भांड्यात पाणी घ्या, त्यात तुकडे अलगद बुडवा, हाताने खुंट-गाठी काढा, पाणी शिंतोडे न उडवता सावकाश मोरीत ओता. मोरीत त्या वेळी दुसरं एकही भांडं असू नये. मग मोरी साबणाने घासा, गरम पाणी ओता. उन्हाळ्यात ज्यांच्याकडे नळ रोज येत नाही त्यांना या पद्धतीत पाणीही कमी लागतं.

हळद-मीठ-लिंबू लावून ठेवल्याने चिकन निर्जंतुक होतं हा समज फार घट्ट आहे. वास जातो, चव मुरते, मांस थोडं कोवळं होतं. जंतू मात्र तिथेच राहतात. हळद लावलेला गंज ओट्यावर दोन तास ठेवून आपण बाजारात जाऊन येत असू, तर आपण जंतूंना सावलीत बसवून जेवू घालतो आहोत. मुरवायचं असेल तर फ्रीजमध्ये, झाकण लावून. आणि मुरवणातलं उरलेलं दही-मसाल्याचं पाणी भाजलेल्या तुकड्यांवर वरून लावू नका. ते उकळून घ्या, नाही तर फेका.

स्वयंपाकघरातला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कामाचा क्रम. कच्चं खायचं ते आधी चिरा: कांदा, लिंबू, काकडी, सांबार, हिरवी मिरची. ते झाकून दूर ठेवा. त्यानंतर चिकनचा डबा उघडा. एवढ्या एका सवयीने निम्मी भीती संपते, खर्च शून्य. दुसरा पाट विकत आणता आला तर उत्तम. नाही तर दुकानदाराकडूनच हवे तेवढे लहान तुकडे करून आणा, म्हणजे घरच्या पाटाचा प्रश्नच उरत नाही. विळीचं पातं आणि पाट यांच्यामधली फट मात्र कधीच नीट धुतली जात नाही, म्हणून चिकनसाठी विळी वापरू नका. लाकडी पाट साबण आणि कढत पाण्याने घासून कडक उन्हात उभा वाळवा. ऊन ही एक गोष्ट खामगावात कुणाला विकत घ्यावी लागत नाही.

हातांचं म्हणाल तर साबणाने वीस सेकंद, नखांसकट. पण हात धुण्याआधी आपण काय काय करतो हे एकदा स्वतःवर लक्ष ठेवून पाहा. चिकन लागलेल्या हाताने तिखटाचा डबा उघडतो, मिठात बोटं घालतो, तोटी फिरवतो, वाजणारा फोन उचलतो. नंतर हात धुतो आणि त्याच तोटीला पुन्हा हात लावून ती बंद करतो. मसाला, मीठ, हळद आधीच वाटीत काढून ठेवली की यातलं बरंचसं टळतं. फोन वाजू द्या.

फ्रीज असला तर चिकन झाकणाच्या डब्यात सगळ्यात खालच्या कप्प्यात, दुधाच्या आणि शिजलेल्या अन्नाच्या खाली. ५ अंशांच्या आत असलेल्या फ्रीजमध्ये कच्चं चिकन एक-दोन दिवस टिकतं, त्यापुढे नाही. वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरून ठेवतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर वास येत नाही म्हणून चिकन चांगलं आहे असं समजू नका. आजारी पाडणाऱ्या जंतूंना बहुतेकदा वास नसतो. वास येतो तो सडवणाऱ्या दुसऱ्याच जंतूंचा. बर्फात ठेवलेलं चिकन ओट्यावर ठेवून पातळ करू नका, कारण आतला गड्डा गोठलेला असतानाच बाहेरचा थर कोमट होऊन बसतो. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवा. घाई असेल तर बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा आणि अर्ध्या तासाने पाणी बदला.

शिजवण्याबद्दल थोडक्यात. चिकनच्या सगळ्यात जाड भागात आत ७४ अंश उष्णता पोचली की हे जंतू मरतात. उकळता रस्सा १०० अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे घरच्या भाजीत तो प्रश्न नाही. प्रश्न आहे शेगडीवरच्या तंगडीचा, तंदुरीचा, मोठ्या आचेवर घाईत परतलेल्या तुकड्यांचा, आणि बर्फाचा गड्डा तसाच कढईत टाकणाऱ्यांचा. बाहेरून करपलेलं म्हणजे आतून शिजलेलं असं नाही. तंगडीच्या सांध्यापाशी सुरी घालून बघा: मांस चिवट, चकचकीत, आणि पाणी लालसर असेल तर परत निखाऱ्यावर. नुसत्या रंगावरही सगळं ठरत नाही. कोवळ्या बॉयलरच्या हाडाजवळ शिजल्यावरही कधी लाली राहते. स्वयंपाकाचा थर्मामीटर हल्ली महाग नाही; जे भाजायचे शौकीन आहेत त्यांनी एक घ्यावाच.

कॅम्पिलोबॅक्टर हे नाव महाराष्ट्राने मोठ्याने ऐकलं ते जानेवारी २०२५ मध्ये. पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएस म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण वाढले; संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. पोटाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या नसांवर उलटते, पायातून मुंग्या आणि कमजोरी वर चढत जाते, असा हा आजार. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. संशयाचं मुख्य बोट दूषित पाण्याकडे गेलं, पण अर्धवट शिजलेलं चिकन खाऊ नका असंही सांगितलं गेलं आणि लोकांनी काही दिवस चिकनच सोडलं. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हाही हेच झालं होतं, आणि २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात आला तेव्हाही. भीती आली की आपण कोंबडी सोडतो, भीती ओसरली की पुन्हा तोच पाट आणि तोच कांदा. बर्ड फ्लूचा विषाणू ७० अंशांवर मरतो; आपल्या रश्श्याला त्याची काय मातब्बरी? सोडायचीच असेल तर ती नळाची धार सोडा.

आता गंज खाली उतरल्यावर. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि यावरच सगळ्यात कमी बोललं जातं.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा एक जंतू आहे. उकळीत तो मरतो, पण त्याची बीजं मरत नाहीत. कवच घालून ती तळाशी बसून राहतात. रस्सा निवत ६० अंशांच्या खाली आला की ती जागी होतात. या जंतूला सगळ्यात मानवणारी उष्णता कोणती, तर ४३ ते ४७ अंश. म्हणजे नेमकी आपली मे महिन्यातली दुपार. त्या उबेत तो साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे तासाभरात ६४, दोन तासांत चार हजारांवर, तीन तासांत अडीच लाखांच्या वर. घरातला दोन किलोचा गंज लवकर निवतो. हळदीच्या जेवणाचा, यात्रेतल्या कंदुरीचा, शेतातल्या पार्टीचा पन्नास-साठ लिटरचा गंज मात्र तासन् तास कोमट राहतो. आणि उन्हाळ्यात तो पहाटेपर्यंत धोक्याच्या पट्ट्यातून बाहेरच पडत नाही. आचारी झाकण लावून झोपायला जातो, "सकाळच्या पंगतीला एक उकळी काढू" म्हणून. ती उकळी परफ्रिंजेन्सला मारेलही, जर खरोखर तळापासून खळखळून काढली तर. बहुतेक ठिकाणी भाजी नुसती वाफाळेपर्यंत तापवतात आणि वाढायला घेतात.

शिवाय दुसऱ्या एका जंतूवर ती उकळी चालतच नाही. स्टॅफिलोकॉकस हा माणसाच्या नाकात, कातडीवर, बोटावरच्या पिकलेल्या जखमेत असतो. शिजलेलं मांस हाताने सोडवताना तो अन्नात उतरतो, उबेत वाढतो आणि विष सोडतो. जंतू मेला तरी ते विष उकळूनही टिकतं. जेवल्यावर अर्ध्या तासापासून सात-आठ तासांत मांडवभर उलट्या सुरू झाल्या तर बहुधा हाच. म्हणून ज्याच्या हाताला गळू, कापलं-चिरलं असेल त्याला त्या दिवशी पाणी वाढायचं काम द्या.

यात मांसाहाराचा दोष किती, हेही पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात सप्ताहात एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले. दवाखान्यात जागा पुरेना तेव्हा उघड्यावर दोऱ्या बांधून सलाइनच्या बाटल्या टांगल्या होत्या. ती छायाचित्रं देशभर पोचली. उपवासाचा पदार्थ होता तो. मोठं भांडं, मोठी गर्दी आणि मधे गेलेला वेळ एकत्र आले की आत कोंबडी आहे की भगर, याने फार फरक पडत नाही.

मोठ्या जेवणावळीत करता येण्यासारखं पुष्कळ आहे. भाजी पंगतीच्या वेळेच्या जितकी जवळ शिजेल तितकं बरं. पंगती लांबणार असतील तर गंजाखाली मंद आच चालू ठेवा, वाफ निघत राहिली पाहिजे. उरलेली ठेवायचीच असेल तर मोठ्या गंजात ठेवू नका. पसरट परातींत, चार बोटं उंचीपेक्षा कमी थरात काढा, पराती पाण्याच्या टबात ठेवा, ढवळत राहा. मांडवात थंड पाण्यासाठी बर्फाच्या लाद्या येतातच, त्या टबात टाका, भाजीत नाही. दोन तासांत, उन्हाळ्यात तासाभरात, निवून फ्रीजमध्ये जाणार नसेल तर ती वाटून टाका किंवा फेका. भाताचंही हेच; कोमट भाताच्या ढिगात बॅसिलस सेरियस वाढतो आणि त्याचं एक विष उकळीला दाद देत नाही.

शेतातल्या पार्टीला मसाला लावलेलं चिकन दुचाकीला लटकवून नेण्याची पद्धत आहे. थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून न्या, किंवा तिथेच ताजी कापा. सोबत एक वेगळी सुरी, साबणाची वडी आणि पिण्यालायक पाण्याचा कॅन. दगडावर चिकन कापून त्याच दगडावर कांदा फोडायचा मोह होतो. कांदा बुक्कीने फोडा, पण दुसरीकडे.

इतकं करूनही कुणी आजारी पडलं तर पहिलं काम पाणी. जलसंजीवनीचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, घोट घोट देत राहा. जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने देऊ नका, विशेषतः ताप किंवा शौचात रक्त असताना. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक तर नकोच. रक्त पडलं, ताप जोराचा असला, पाणीही पोटात ठरेना, लघवी थांबली, जुलाब तीन दिवसांच्या पुढे गेले, किंवा रुग्ण तान्हं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस, मधुमेही असेल, तर दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. जुलाब थांबून आठ-पंधरा दिवस झाले आणि पायांत मुंग्या, चालताना लटपट जाणवली तर तेही डॉक्टरांना जुलाबाच्या हकिकतीसकट सांगा. साल्मोनेला कित्येकदा सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत उशिरा उठतो, कॅम्पिलोबॅक्टर दोन ते पाच दिवसांनी; म्हणून शेवटचं जेवणच गुन्हेगार असतं असं नाही. बुधवारच्या पोटाचा उगम रविवारच्या कांद्यात असू शकतो.

राहता राहिला शिळा रस्सा. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, हे मी नाकारणार नाही. भाकरी चुरून खाल्ली तर रविवारच्या ताज्या भाजीपेक्षाही. तेवढ्यासाठी रात्री जेवण झाल्या झाल्या भाजी पसरट भांड्यात काढा, पंख्याखाली निववा, अर्ध्या-पाऊण तासात फ्रीजमध्ये सारा. सकाळी लागेल तेवढीच काढा आणि खळखळ उकळा. सगळा डबा पुन्हा पुन्हा तापवून पुन्हा पुन्हा ठेवू नका. असं ठेवलेलं तीन-चार दिवस चालतं, पण आमच्या घरी ते दुपारपर्यंतही उरत नाही. आणि सोबतचा कांदा तेव्हा ताजा चिरा, धुतलेल्या पाटावर.